सहा मतांच्या मुलखात मुलगी द्यावी का?

खैतान, कुवेत
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या देवूचा पायांना हात लावून नमस्कार (डाव्या गुडघ्याला जपून). पाठवलेला गुडघ्याचा पट्टा तू शेजारच्या काकूंना देऊन टाकलास, हे भाऊजींनी फोनवर सांगितलं. दुसरा पाठवतोय, तो तरी स्वतः घाल. इथे आम्ही मजेत. उन्हाळा असा की गार पाण्याची अंघोळ हवी असेल तर बादली आदल्या दिवशीच भरून घरात ठेवावी लागते. सुजाताची तब्येत उत्तम, फक्त डोकं दुखतं, आणि त्याचं कारण मी आहे असं तिचं म्हणणं.

तू सुखदासाठी पाटणकरांचा ऋत्विज सुचवलास, आणि मी 'चौकशी करून कळवतो' म्हणालो, त्याला महिना झाला. पाटणकर वहिनी तुला विट्याच्या बाजारात दोनदा गाठून गेल्या आणि तू 'देवू ऑडिटमध्ये अडकलाय' अशी थाप मारून वेळ मारून नेलीस, हे तुझे उपकार. पण अक्का, मी खरंच चौकशीत होतो गं! नानांनी तुझं लग्न ठरवताना मुलगा पाहिला पाच मिनिटं आणि गाव पाहिलं दिवसभर. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसून पाणी कुठून येतं, ओढ्याला पूर येतो का, ग्रामपंचायतीला कोण आलं, कोण पडलं, सगळं काढून आले. पडलेला माणूस निवडून आलेल्याच्या घरी चहाला जातो, हे ऐकलं आणि मगच तुझी सुपारी फोडली. मग माझी एकुलती एक लेक मी अमेरिकेत, आयोवा नावाच्या राज्यात देताना टपरी नको का शोधायला?

टपरी इंटरनेटवर सापडली. ऋत्विजचं गाव डेव्हनपोर्ट, मिसिसिपीच्या काठी. ही नदी सगळा देश उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडते आणि नेमकी या गावापाशी येऊन पश्चिमेला वळते. (जिथे नदीचाच भरवसा नाही तिथे माणसांचं काय, असं मी सुजाताला म्हणालो. तिने माझ्यापुढे मेथीच्या दोन जुड्या टाकल्या.) शिवाय नदीला पूर अडवणारी भिंत नाही. का, तर काठावरून नदी दिसली पाहिजे! २०१९ साली नदी स्वतःच बाजारपेठेत येऊन सगळ्यांना दिसून गेली. बाकी मका, सोयाबीन, डुकरं आणि पुन्हा मका. त्यात हा ऋत्विज राहतो नदीच्या अलीकडे आणि ट्रॅक्टरच्या कारखान्यात कामाला जातो पुलावरून पलीकडे, म्हणजे चक्क दुसऱ्या राज्यात. रोज सकाळी परराज्यात जाणारा जावई आपल्या घराण्यात आजवर झालेला नाही.

आता निवडणुकांचं ऐक. तिथल्या लोकांनी खासदार म्हणून एकच माणूस तीस वर्षं निवडून दिला. मग उठले आणि चौदा वर्षं विरोधी पक्षाचा दिला. मग २०२० साली पुन्हा फिरले, आणि किती मतांनी? सहा! चार लाखांच्या आसपास मतं पडली आणि निकाल सहा मतांचा. अगं, आपल्याकडे सोसायटीचा चेअरमनसुद्धा यापेक्षा जास्त मतांनी येतो. एवढ्यावर भागलं नाही म्हणून पुढच्या वेळी मतदारसंघाचा नंबरच बदलला, होता दुसरा, झाला पहिला. एक गोष्ट मात्र मला फार खटकली. मतदारसंघ आखताना ते लोक तालुका मधोमध तोडत नाहीत, अख्खाच्या अख्खा एका बाजूला ठेवतात. हे चांगलं निघालं, आणि मला वाईट हवं होतं. (ऋत्विजला तिथे मत नाही, मला इथे नाही. पत्रिकेपेक्षा हे बरं जुळलं.)

या मतदारसंघाचा नकाशा मी ऑफिसच्या प्रिंटरवर चांगला मोठा छापला आणि तिथेच विसरलो. आमच्या साहेबांना, फैसलना, वाटलं मी राजीनामा देऊन अमेरिकेला निघालो. खरं कारण सांगितल्यावर ते टेबल धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या लग्नाचे म्हणून खजुराचे दोन डबे आणून ठेवले. तेव्हापासून अख्खं ऑफिस येता-जाता 'मबरूक, मबरूक' म्हणून माझं अभिनंदन करतंय, आणि माझी चौकशी अर्धीच.

शेवटी मी तिथल्या निवडणूक कचेरीला फोन लावला. उचलला एका बाईंनी. सहा मतांचा विषय काढताच बाई सावध झाल्या, फेरमोजणी कधीच झाली म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मला मोजणी नको, मी मुलीचा बाप आहे. मग विचारलं की पडलेला आणि निवडून आलेला चहाला भेटतात का. त्या म्हणाल्या, त्यांचं मला ठाऊक नाही, पण मी एका पक्षाची, नवरा दुसऱ्या पक्षाचा, चाळीस वर्षं मतदानाला एकाच गाडीतून जातो. पुराचं विचारलं, तर म्हणाल्या, पाणी येतं, जातं, आम्ही सगळे मिळून चिखल काढतो आणि दुकानं उघडतो. वर मलाच विचारलं, लग्न कधी आहे! मी फोन ठेवून दिला.

अशा परिस्थितीत, अक्का, पाटणकरांना 'चौकशी चालू आहे' एवढंच सांग. एवढ्या चंचल मुलखात घाई बरी नव्हे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
देवू

ता. क. पत्र सुजाताने वाचलं. हसली नाही, तेव्हाच मी ओळखलं, चोरी पकडली गेली. म्हणाली, "माझ्या बाबांनी तुमचं कुवेत नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. तुम्हाला एकच विचारलं होतं, संध्याकाळी जेवायला घरी येता ना?" मी तेव्हा हो म्हणालो होतो, आणि मार्चअखेरीचे हिशेब सोडले तर पाळलंय. अक्का, खरं सांगतो, त्या मुलखात खोट नाही. मला नाही म्हणायला काहीतरी हवं होतं. पोरगी फार लांब चालली गं.

आणखी एक. ऋत्विजला तूच तेवढं विचार, पुलापलीकडून संध्याकाळी जेवायला घरी येतो ना? तो हो म्हणाला की आमचा होकार कळव.

आणखी एक. नको विचारूस. मी हे लिहीत असताना सुखदा मागून वाचत होती, मला कळलंच नाही. मान वर न करता इंग्रजीत म्हणाली, पूल मोकळा असला तर सव्वासहाला घरी येतो, बुधवारी थोडा उशीर होतो, आणि मेथी त्याला चालते. मी महिनाभर टपरी शोधत होतो, ती माझ्याच घरात पलीकडच्या खोलीत होती. पाटणकर वहिनींना आजच गाठ.