निळ्या उजेडातली मेथी

ता. ४-१०-७४
मागच्या खोलीची खिडकी गोणपाटानं बंद केली. मंदाच्या कॉलेजात जागा नाही, म्हणून पोरीचा प्रयोग आता घरी. तीन खोकी, तिन्हींत मेथी. एकावर तांबडा उजेड, एकावर निळा, एकावर साधा. ट्यूबलाइट तिनं आणल्या, जिलेटिनचे रंगीत कागद माझ्या ट्रंकेतले. तीस वर्षं स्टुडिओत नटनट्यांच्या तोंडावर हेच रंग पाडले, आता भाजीवर. पाणी घालणं माझ्याकडं. बाकी कशाला हात लावायचा नाही, हे दोनदा सांगितलं. मी काय कुकुलं बाळ?
वायर जुनी आहे. काळजी वाटते.

ता. ९
मेथी वर आली. तिन्हीकडं सारखीच. मंदाची नोकरी वर्षाच्या बोलीवर. हा प्रयोग तिच्या सरांना पटला तर कायम करतील म्हणे. नाही पटला तर… लिहीत नाही.

ता. १६
आज घट बसले. सगळं सौ.नंच केलं. माझे गुडघे धरलेत.
तांबड्याखालची मेथी सहा बोटं. निळ्याखालची जेमतेम तीन, पानं काळपट, जाड. खुरटली. मंदाला म्हटलं, काहीतरी कर. म्हणाली, "आबा, ती तशीच येणार. तेच तर बघायचंय." असली मेथी बघून कोण कायम करणार?

ता. २१
देवघरात घटाचं धान अंधारात पिवळंधमक, उंच आलंय. शेजारच्या काकू बघून म्हणाल्या, "झ्याक आलाय की घट. यंदा बरकत हाय." लहानपणापासून हेच ऐकलं. घट उंच, घर वर. आणि माझ्या लेकीचं खोकं खुरटं.
तीन दिवस झाले, मंदा कॉलेजला गेली की बारा ते चार निळं खोकं तांबड्या उजेडात ठेवतो. ती यायच्या आत जागेवर. सौ.नं बघितलं. म्हणाली, पोरीनं हात लावू नका म्हटलंय न्हवं? म्हटलं, गप बस.

ता. २७
दसरा झाला. निळ्यातली मेथी पाच बोटं. मंदानं पट्टीनं तीनदा मोजली. मला वाटलं हसेल. तोंड उतरलं.
आज खोकं हलवलं नाही.

ता. ३०
सर स्वतः आले. भला माणूस, पण कपाळाला आठी. निळ्या उजेडात मेथी अशी उंच होत नाही म्हणाले. आकडे चुकलेत, नाहीतर बसल्या जागी लिहिलेत. मंदा खाली मान घालून उभी. चहाचे कप मी उचलले.

ता. ३१
सकाळी सौ.नं ताट पुढं सरकवलं आणि विचारलं, "तुम्ही सांगताय का मी सांगू?"
सांगितलं. घटाचंसुद्धा. मंदा रागावली नाही, तेच लागलं. एवढंच विचारलं, किती दिवस, किती ते किती. मग वही पुढं केली.
"तुमच्या हातानं लिहा, आबा."
माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिलं : निळं खोकं मी हलवलं. नऊ दिवस, दुपारी बारा ते चार. मुलीला ठाऊक नव्हतं. खाली सही. अक्षर रेघेवर बसलं नाही.

ता. १-११-७४
दहाला वही घेऊन गेली. सर हो म्हणाले तर पुन्हा पेरायचं, म्हणाली. नाही म्हणाले तर काय, ते बोलली नाही.
साडेपाच वाजले. रोज साडेचारला येते. तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो.
सौ. म्हणते, वाईट असतं तर लगेच परत आली असती. मला उलट वाटतं.