'येऊ नकोस'चं व्याकरण

बारी, ९ फेब्रुवारी २००४

चि. कोर्रादो यास,

अनेक आशीर्वाद. पायाचं प्लास्टर अजून तीन आठवडे निघत नाही, म्हणून बाबांचं हे प्रकरण तुझ्याच गळ्यात घालते.

बाबांचं पत्र आलं. ईस्टरला येऊ नकोस म्हणतात, पण लिहिलंय 'नॉन व्हिएनी'. चाळीस वर्षं पोरांना आज्ञार्थ शिकवलेला माणूस हा! 'ये' म्हणायचं तर 'व्हिएनी', पण त्याच एकट्याला मना करायचं तर क्रियापदाचं मूळ रूप, 'नॉन व्हेनीरे'. तू हेच चुकलास तेव्हा बरोबर बोलेपर्यंत त्यांनी तुझ्या ताटातली मक्याची पोलेंटा गार होऊ दिली होती, आठवतं ना?

ही चूक परक्या माणसाची आहे, आणि त्या घरात परकी एकच. बाबांना सांभाळायला ठेवलेली ती युक्रेनची हलीना. हात थरथरवून लिहिलं की अक्षर म्हाताऱ्याचं वाटतंच. फोनही तीच उचलते. बाबा कधी झोपलेले, कधी अंघोळीला. भर दुपारी बारा वाजता अंघोळ? आपल्याला दूर ठेवून ती घर स्वतःच्या नावावर तर करून घेत नसेल? बाबा धड आहेत ना, हेसुद्धा कळायला मार्ग नाही.

तू जपून राहा. मुलांना पापा.

तुझी ताई,
लोरेदाना


तोरिनो, १४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. तू लहानपणी पोस्टमनवरसुद्धा संशय घ्यायचीस, म्हणून आधी हसलो. मग बाबांचं मला आलेलं पत्र काढून पाहिलं. फोन करू नकोस म्हणताना तिथेही तीच चूक. हसू गेलं.

हलीनाला कडक पत्र टाकलंय, महिनाअखेर घर सोडा म्हणून. कारण दिलं नाही, तिला ते ठाऊक असणारच. अठ्ठावीसला शनिवार आहे, त्या दिवशी बेल्लुनोला बाबांच्या घरी पोचतो. बाबांना कळवलेलं नाही. कळवलं तर पत्र तिच्याच हाती पडेल.

पायावर जोर देऊ नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
कोर्रादो


बेल्लुनो, ६ मार्च

ती. ताईस,

सा. न. हे पत्र बसून वाच.

दार हलीनानेच उघडलं. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. बाबा खिडकीजवळ खुर्चीत होते. मला पाहून उठायला गेले आणि म्हणाले, "या, बसा." शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाला म्हणावं तसं. मी बसलो.

जानेवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. हात सावरला, पण शब्द विस्कटले. मुलांना कळवायचं नाही, असं त्यांनी हलीनाला बजावलं होतं. आपल्याला असं बोलताना कुणी ऐकू नये, एवढंच त्यांना हवं होतं. पत्रं त्यांच्याच हातची आहेत, ताई. तिला चूक दिसली होती. याच टेबलाशी बाबांनीच तिला इटालियन शिकवली. तिने बोट ठेवलं, तर त्यांनी कागद फाडला आणि पुन्हा तेच लिहिलं.

रोज सकाळी तासभर ते हुकूम सोडायचे आणि तोंडातून निघेल तसंच ती करायची. चष्मा हवा असताना 'सूप ओत' म्हणाले, तर तिने सूप मोरीत ओतलं. ते लालबुंद झाले, धडपडले आणि शेवटी चष्मा हा शब्द त्यांना सापडला. डॉक्टर म्हणतात, निम्मे शब्द तिने परत आणले.

मी तिची माफी मागितली, राहा म्हणून विनवलं. फेल्त्रेच्या एका आजीबाईंना ती कामाला येण्याचा शब्द देऊन बसली होती. जाताना म्हणाली, "तुमच्या पत्रात एकही चूक नव्हती." बसपर्यंत तिची बॅग मी उचलली, तेवढंच तिने करू दिलं.

कामावरून महिनाभराची रजा घेतलीये. आता हुकूम मी पाळतो. आज सकाळी बाबांनी मला बाहेर जायला सांगितलं. त्यांना बहुतेक पाणी हवं होतं. मी अंगणातल्या बर्फात जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने खिडकी उघडली आणि त्यांनी हाक मारली. स्पष्ट, खणखणीत. हलीनाला.

मी आत गेलो.

मला काय बोलायचं ते पत्रात बोल, पण लोभ राहू दे.

तुझा,
कोर्रादो