राखीव रकाना

४ मार्च
परत आलं! तिसऱ्यांदा! सात महिने खपून नव्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला संगणकाशी बोलतं करणारा प्रोग्राम, लिहिला आणि मास्तरांचं उत्तर एका ओळीत — "राखीव रकाना तपासलेला नाही." मास्तर म्हणजे कर्नलमध्ये, संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यात, कुठला ग्राफिक्स ड्रायव्हर घ्यायचा ते ठरवणारे गृहस्थ. कधी भेटलेले नाहीत. पत्रातूनच छळतात.

५ मार्च
राग उतरलेला नाही. प्रोग्रामला चिपकडून काम हवं असेल तर एक अर्ज भरून द्यावा लागतो. तो अर्ज मी आखला. शेवटी एक रकाना पुढेमागे लागेल म्हणून रिकामा ठेवला. जो वापरातच नाही तो तपासायचा कशाला? महिनाअखेर चिप बाजारात जाणार. तोवर ड्रायव्हर आत गेला नाही तर पडदा काळा! साहेब तासातासाला माझ्या खुर्चीमागे येऊन घसा खाकरतात.

७ मार्च
आईला सगळं सांगितलं. ती मशीनवर गिऱ्हाइकाचा फ्रॉक शिवत होती. म्हणाली, शिवणीत जादा कापडाची माया ठेवतात तशी तू ठेवलीस ते बरं केलंस, पोरं वाढतात. मग दोरा तोडत म्हणाली, "पण त्या मायेत कुणी आधीच काही कोंबून ठेवलं, तर उसवून वाढवशील कशी?"

मी ताडकन उठले. अर्ज एकदा जाहीर झाला की बदलायचा नाही, जुना प्रोग्राम कधी मोडायचा नाही — हा आमच्यातला धर्म. आज त्या रकान्यात कुणी कचरा टाकला तर मी मुकाट्याने घेणार. पाच वर्षांनी रकाना वापरायला काढला की तोच कचरा हुकूम म्हणून वाचला जाणार! मास्तर बरोबर होते. चुकल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

८ मार्च
सहा ओळी वाढवल्या. रकान्यात शून्य नसेल तर अर्ज नामंजूर. चालवून पाहिलं तर पहिला नामंजूर झाला चिप दाखवायला लिहिलेला आमचाच डेमो प्रोग्राम; रकान्यात कचरा सोडत होता! शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, इतके दिवस चालत होता की. तेच तर दुखणं, बाबा! त्याने दुरुस्त केला, मी ड्रायव्हर पाठवला.

११ मार्च
घेतला!!! साहेब चक्क हसले. मी टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

१९ मार्च
मास्तरांचं पत्र, चांगलं पानभर. तरुणपणी त्यांनीही असाच एक रकाना तपासायचा सोडला होता. अठरा वर्षं झाली, आजही त्याला हात लावता येत नाही. आता थकलो, म्हणतात. माझी जागा घ्याल का?

मी? आई म्हणाली, हो लिही आणि जेवायला ये. लिहिलं.

३ एप्रिल
पहिला दिवस. तपासायला पहिलं काम आलं ते मास्तरांचंच. राखीव रकाना तपासलेला नाही! दोन ग्लास पाणी प्यायले. त्यांचीच ओळ त्यांना लिहून काम परत पाठवलं.

लगेच उत्तर आलं — "मुद्दाम सोडला होता. आता मी सुटलो."