काखेखालची उशी

४ फेब्रुवारी
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! उजवा पंजा मनगटातून लोंबतोय. ऑपरेशन डाव्या मूत्रपिंडातल्या खड्याचं, आणि गेला काय, तर उजवा हात!

जावईबापू म्हणाले, "होतं असं कधीकधी. येईल हळूहळू." त्यांचाच दवाखाना, चाकूही त्यांचाच. हे म्हणतात, "घरचाच माणूस, बोंब कुणाकडे मारायची?"

९ फेब्रुवारी
कात्री धरून पाहिली. पडली. पाऊल थोडक्यात वाचलं. गिऱ्हाइकाचा कोट टेबलावर अर्धवट कापलेला. सगळा जन्म शिवणकामात गेला माझा. ढसाढसा रडले. घरात कुणी नव्हतं, बरं झालं.

१५ फेब्रुवारी
टाके दाखवायला गेले. सिस्टर भाबडी. पट्टी काढता काढता बोलून गेली — "काकू, तुम्हाला उजव्या कुशीवर निजवलं ना, तेव्हा काखेखाली उशी द्यायची राहिली. मी म्हटलं सरांना. सर म्हणाले, राहू दे, ऑपरेशन आत्ता उरकेल." आणि झालं कधी? जेवणाची वेळ टळून गेल्यावर! तोवर सगळा भार त्या हातावर. नस चेंगरली.

मग जीभ चावली बिचारीने. "माझं नाव घेऊ नका हं."

एक उशी! मेली एक उशी! गिऱ्हाइकाच्या खांद्यात मी पॅड घालायचं विसरत नाही, आणि याला सासूसाठी तेवढाही वेळ नाही?

१६ फेब्रुवारी
लेकीला फोन केला. दवाखान्याचा सगळा कारभार तीच बघते. सिस्टरचं नाव न घेता सांगितलं. उसळलीच! "कोण भरवतं गं तुझे कान? बाहेर बोललीस तर दवाखाना बसेल आमचा."

आमचा!

हात कसा आहे, हे विचारलंसुद्धा नाही. पोटची पोर माझी, आणि बाजू नवऱ्याची. असो. सुखात राहा म्हणावं.

२ मार्च
शेजारीण — "जावई डॉक्टर असून असं कसं झालं हो?" म्हटलं, "म्हणूनच झालं." यांनी डोळे वटारले. वटारा खुशाल.

११ मार्च
लेकीच्या पित्ताशयात खडे निघाले. जावईबापू फोनवर म्हणतात, "मीच करतो. घरचा दवाखाना असताना बाहेर कशाला?" हे लगेच माझ्याकडे वळून, "बघ! बायकोचंसुद्धा स्वतः करतोय. आता तरी राग सोड."

लेकीला नको म्हणावंसं वाटलं. पण मी कोण सांगणार? माझे कान भरलेले ना!

१३ मार्च
लेक एकटीच आली. दार लावून घेतलं. "आई, दुसरा सर्जन बघ माझ्यासाठी. यांना इतक्यात कळू देऊ नकोस."

"का गं? आता काय झालं?"

माझा लुळा पंजा मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "सिस्टर उशी मागत होती, तेव्हा मी तिथेच उभी होते, आई."