मास्तराच्या पोरानं शेवटी जेवायचं

बाबा,

परवाच्या रविवारी चिंचणीच्या सुरूच्या बागेत गेलो होतो. तुमच्या नातीच्या शाळेचं शिबिर होतं तिथं. ती आता गाईड झालीय. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि बोलण्यात असा काही रुबाब की विचारू नका, अगदी तुमच्यावर गेलीय. बोईसरहून बस भरून मुलं आली होती, निम्मी मराठी बोलणारी, निम्मी हिंदी, आणि रांधायला-वाढायला पालकांना बोलावलं होतं. मी कंपनीतली पाळी बदलून घेतली आणि गेलो. ओहोटी लागली होती. पाण्याच्या काठाकाठानं तुतवार पक्षी तुरुतुरु धावत होते, तसेच, तुम्ही आम्हाला पोटावर झोपवून दाखवायचात तसेच. वाटलं, आत्ता मागून तुमची शिट्टी वाजेल आणि आपण ताठ उभे राहू. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कान काही शहाणे होत नाहीत.

घरी तुम्ही बाबा होतात, पण गळ्यात स्काऊटमास्तराचा स्कार्फ पडला की सर. घरी आमच्यासारखंच 'हाय-नाय' बोलायचात, शिबिरात मात्र एकदम पुस्तकातलं. मीही तुम्हाला सरच म्हणायचं, असा हुकूम. एकदा चुकून 'बाबा' अशी हाक मारली तर तुम्ही मान वळवूनसुद्धा पाहिलं नाहीत, आणि सगळं पथक फिदीफिदी हसलं. दुसरा हुकूम त्याहून वाईट: मास्तराच्या पोरानं शेवटी जेवायचं. पोरं रांगेत उभी राहायची, तुम्ही हातात डाव घेऊन वाढायचात, आणि मी सगळ्यांच्या मागे, रिकामं ताट मांडीवर बडवत. लोकांचं 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' असतं. तुमच्याकडे सगळं उलटं. दुसऱ्याचा तो बाब्या आणि आपलं ते कार्टं!

झाडांचंही तेच. सकाळी तुम्ही प्रत्येकाला एकेक झाड वाटून द्यायचात. त्याच्यापाशी गुपचूप बसायचं, शिट्टी होईपर्यंत बघत राहायचं, मग दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल ते येऊन सांगायचं. कुणाला आंबा मिळायचा, कुणाला वड, एकाला तर चांगली सावलीची चिंच. मला काय, तर वाडीच्या कुंपणाचा निवडुंग. तिथं उन्हात बसलो असताना मला काट्यांवर टोचलेले नाकतोडे दिसले. मी पळत येऊन म्हणालो, "सर, पोरांनी नाकतोडे टोचून मारलेत." तुम्ही विचारलंत, "टोचताना पाहिलंस?" नाही पाहिलं. "मग आळ कशाला घेतोस? बघायला शिक. जा, परत बस." धुसफुसत परत गेलो. बराच वेळ काही नाही. मग एक पक्षी आला, डोळ्यांवरून काळी पट्टी ओढलेला, चोचीत नाकतोडा. त्यानं तो काट्यावर दाबून दाबून बसवला आणि उडाला. खाटीक पक्षी! आपलं खाणं टांगून ठेवत होता. मला इतका आनंद झाला होता बाबा, की धावताना चप्पल तुटली. मी सगळं सांगितलं. तुम्ही ऐकलंत, मान हलवलीत आणि म्हणालात, "पुढचा." शाबास एवढा एक शब्द, तोही नाही. मी वाट बघत तिथंच उभा राहिलो होतो, हे तुम्हाला दिसलं तरी होतं का?

त्याच दुपारी खिचडी करपली. पोरांनी जाळ जास्त घातला होता. माझा नंबर आला तेव्हा वर वर थोडी बरी खिचडी उरली होती. मी म्हटलं, "सर, बटाटा नाही आला." तुम्ही म्हणालात, "संपला." बस्स. मी चिडका बिब्बा, ताट घेऊन नेहमीसारखा लांब जाऊन बसलो, तुमच्याकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून. हसू नका, पण तो बटाटा माझ्या मनात पुढं कितीतरी वर्षं शिजत राहिला. बोईसरला नोकरी लागली, खोली घेतली, तुम्ही रविवारी वाडीतले चिकू घेऊन यायचात आणि मी पाळीचं निमित्त सांगून बाहेर पडायचो. तुम्ही चिकू शेजाऱ्यांकडे ठेवून जायचात. पिकलेले पुढं आणि कच्चे मागं, असे लावून ठेवलेले असायचे. आता कधी वाटतं, एखाद्या रविवारी दार वाजावं. कुठलीही पाळी सोडून घरात थांबेन.

तर परवाचं सांगतो. वाढायला माझ्या जोडीला कोण होता माहीत आहे? आपला तेव्हाचा संघनायक, तुमचा लाडका. आता त्याची सातपाटीला स्वतःची बोट आहे आणि बोटीपेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं. मुलांसाठी पाटीभर बोंबील घेऊन आला होता. रांग लागली, आणि पुढून तिसरी आपली पोर, ताट पुढं करून उभी. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तू मागं जा. सगळ्यांचं झाल्यावर ये." ताट छातीशी धरून गेली बिचारी. संघनायकानं डाव टोपावर आपटला.

"काय रे, बापाची गादी चालवतोस काय?"

"शिस्त असते ती," मी म्हटलं. "मी जन्मभर शेवटी जेवलोय."

"तू शेवटी?" तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. "अरे येड्या, तू कदी शेवटी होतास? तुज्या मागं सर असायचे. तू फुगून दर्याकडं तोंड करून बसायचास, तुला काय दिसनार? आमी भांडी घासायला थांबायचो ना. सर टोप खरवडून मिळंल तेवढं खायाचे. खिचडी करपली त्या दिवशी तर काळी खरपूड पान्यात कालवून प्यायले. वर आमाला दम दिला, 'माझ्या पोराला सांगायचं नाय.' तुला खरंच म्हाईत नाय?"

माझ्या पोराला. गळ्यात स्कार्फ असताना म्हणालात, आणि तेही आपल्या घरच्या बोलीत. मी तिथंच होतो हो, दहा पावलांवर. मी नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं.

मग धूर डोळ्यांत गेला असं सांगितलं. पोरं दुसऱ्यांदा यायला लागली, "अंकल, और दो ना," आणि मी देत सुटलो. शेवटी आपली पोर आली. टोपात होतं नव्हतं ते तिच्या ताटात घातलं, राहिलेला एक बोंबीलही. ती निघाली. वाटलं, आता ही लांब जाऊन बसणार, माझ्यासारखीच. दोन पावलं गेली, थांबली, वळली आणि रिकाम्या टोपाकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात?"

एवढाच प्रश्न. मी तुम्हाला तो उभ्या आयुष्यात एकदाही विचारला नाही, ना सर म्हणून, ना बाबा म्हणून. आता विचारावासा वाटतो, रोज वाटतो, तर विचारायला तुम्ही नाहीत. फार आठवण येते हो तुमची. हे लिहिलेलं कुठं धाडणार? घडी घालून कपाटात ठेवून देईन.

तिला काय उत्तर दिलं ते मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. "हो, मघाशीच," म्हणालो. स्काऊटचा पोर असून, गणवेशातल्या पोरीशी सरळ सरळ खोटं बोललो, बाबा.