उजेड नीट पडला की

३ मार्च, ल्यूकन
आजपासून रोज एक लँडस्केप. ठरलं म्हणजे ठरलं. चाळीस वर्षं सांगलीच्या घाटावर बसून कृष्णा रंगवली, ड्रॉइंग मास्तर म्हणून अर्धा जिल्हा ओळखतो. आयर्लंड काय चीज आहे? शोभनाची तब्येत सुधारेपर्यंत लेकीकडेच मुक्काम आहे, तर इथल्या उजेडाचा एकदा सोक्षमोक्ष लावून टाकू. रेवती म्हणते, बाबा, आईला बरं करायला नाही, आपल्याजवळ असावी म्हणून आणलंय. ही पोरगी लहानपणापासूनच रडकी.

४ मार्च
पाऊस. उद्यापासून.

७ मार्च
लिफी नदीच्या काठी गेलो. पाण्यावर सोनेरी ऊन. पिवळ्याची ट्यूब पिळेपर्यंत ढग. करडा पिळला, तर पुन्हा ऊन. मग गारा! वॉटरकलर वाळता वाळेना. आकाश ओघळून नदीत आलं. घरी येऊन रेवतीचा हेअर ड्रायर मारला, कागदाचा पापड झाला. शोभना पडल्या पडल्या हसली. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हसतेय म्हणजे सुधारणा आहे.

१२ मार्च
शोभनाने नवीनच टूम काढलीय. म्हणे, जन्मभर डोंगर काढलेत, नद्या काढल्यात, लोकांच्या म्हशीसुद्धा काढल्यात, मला एकदाही नाही. आता काढा. म्हटलं, अगं, मी लँडस्केपवाला. तर म्हणाली, मग खिडकी काढा, मी खिडकीत बसते. बरं म्हटलं. उजेड नीट पडला की लगेच. पण आधी बाहेर जाऊन अभ्यास हवा. घाईत काढलेलं चित्र तिला शोभणार नाही.

१९ मार्च
नर्सबाई घरी येऊन औषधाचा छोटा पंप लावून गेल्या. जाताना दारात मला म्हणाल्या, शी इज ग्रँड नाऊ. ग्रँड! म्हणजे भव्य, शानदार! नुसतं ओकेसुद्धा नाही. रेवतीला ओरडून सांगितलं. ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, बाबा, इथे बस चुकली तरी ग्रँड म्हणतात. आता दुखत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. डिक्शनरी काढून पाहिली. माझाच अर्थ बरोबर निघाला.

३० मार्च, रविवार
इथल्या उन्हाळी नियमाप्रमाणे घड्याळं तासभर पुढे केली. संध्याकाळचा उजेड सरकारनेच वाढवून दिला, आता सबब नको. शोभनाला खिडकीपर्यंत चालवत नाही, म्हणून रेवतीने पलंगच खिडकीशी ओढला. ब्रश ओला केला. गालाचा रंग जमेना. इतका पिवळा माणसाचा गाल कसा असेल? या उत्तरेकडच्या देशांतला उजेडच फसवा, दुसरं काय. उद्या बघू.

२ एप्रिल
नात अनुया हिला विचारलं, इथे ऊन ठरून राहतं तरी कधी? आजोबा, इट डझन्ट, म्हणाली आणि शाळेत गेली. दिवसभर नदीवर. कागद कोरा. रेवती म्हणते, बाबा, चित्र राहू दे, नुसते आईजवळ बसा. नुसतं बसून मी काय करू? तिला बरं वाटायला चित्रच हवंय.

५ एप्रिल
सकाळपासून लख्ख ऊन! औषधालाही ढग नाही. हेच हवं होतं मला. आज शोभनाचं चित्र, नक्की. नदीवर जरा हात मोकळा करून येतो.

५ एप्रिल, संध्याकाळ
फोन रंगांच्या पेटीत राहिला होता, ब्रशांखाली. ऐकूच आला नाही. शोभना दुपारी गेली.

रेवती म्हणाली, आई विचारत होती, हे कुठे आहेत? मी तिला सांगितलं, बाबा उजेड बघायला गेलेत. तर म्हणाली, अगं, मग पडदा उघड की, इथं काय कमी आहे?

आठ वाजत आलेत. दारातून दिसतंय, तिच्या उशीवर अजून ऊन आहे. मला आत जाववत नाही.