अण्णांचा गिअरबॉक्स

अण्णा, तुमची गाडी चालू झाली. खोटं वाटेल, पण झाली. आज दसऱ्याच्या सकाळी मी सेल्फ मारला, तिनं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि मग असा आवाज दिला की शेडवरची कबुतरं उडाली आणि शेजारच्या काकू कणकेचे हात घेऊन कुंपणाशी आल्या. तुम्ही असता तर बोनेटवर थाप मारून म्हणाला असता, "काय गं, आला का दम पोटात?" तुम्ही नव्हता, म्हणून थाप मीच मारली. हाताला चटका बसेल एवढी जोरात मारली.

तुम्ही गेल्यापासून ती शेडमध्येच उभी होती. तुम्ही कधी दुसऱ्या कोणाला तिला हात लावू दिला नाही, आणि तुमच्यामागं कोणाला लावावासा वाटला नाही. टायर बसले, केबिनमध्ये मांजरी व्याल्या. दादा मनमाडला रेल्वेत, सणावाराला येतो. या पावसाळ्यात आला तो भंगारवाल्याशी बोलूनच. मला म्हणाला, "तू तुझा झेंडू लाव. त्या लोखंडाचं काय लोणचं घालायचंय?" माझं डोकंच फिरलं. याच लोखंडानं आपल्याला वाढवलं अण्णा, टोमॅटोच्या खेपा मारमारून. मी त्याला म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांब. स्वतःच्या चाकांवर पाटाचा चढ चढली नाही, तर खुशाल घेऊन जा. मी तोंड उघडणार नाही." तो हसला, "तू आणि तोंड उघडणार नाहीस?" पण थांबायला तयार झाला.

मग मी द्वारका चौकापलीकडच्या एका मिस्त्रींना गाठलं. वयानं मोठे, सगळे चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांनी गाडी ओढून त्यांच्या गॅरेजात नेली, इंजिनचं हेड उतरवलं आणि आत बघून नुसतं "या अल्ला" म्हणाले. लायनर घासलेले, रिंगा चिकटलेल्या, डिझेलच्या टाकीत चिखल. सगळं नवं घालावं लागलं. पण व्हॉल्व मी घासले, अण्णा. मी स्वतः. पेस्ट लावायची, काठी दोन तळव्यांत धरायची आणि ताक घुसळावं तशी फिरवत बसायची. चाचा आधी म्हणत होते, "ताई, तुम्ही खुर्चीवर बसा, चहा घ्या." मी बसले नाही. शेवटी त्यांनी हेड उलटं करून त्यात डिझेल ओतलं, बराच वेळ वाट पाहिली. थेंब गळला नाही, म्हणजे व्हॉल्व घट्ट बसले होते. "हुनर हाथ में है तुमच्या," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी मी घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. लोक बघत होते रस्त्यात. बघू देत.

इंजिन असं वळणावर आलं, पण गिअरबॉक्सनं नाकी नऊ आणले. दुसरा गिअर टिकायचा नाही, म्हणून डबा उतरवून खोलला. गाडीच्या मॉडेलप्रमाणे बेअरिंग मागवले, ते बसेनात. चाचांनी फिरवून फिरवून पाहिलं. "हा डबा या गाडीचा नाय. कोणीतरी बदललाय. कोणत्या गाडीचा हाय ते कळल्याशिवाय मी माल कुठून आणू?" डब्यावर कंपनीचा ओतीव आकडा असतो, त्यावरून ओळख पटते. चाचांनी सगळा डबा डिझेलनं धुतला, आकडा कुठंच नाही. एका बाजूला मात्र तळहाताएवढा टणक काळा थर होता. तो त्यांनी मुद्दाम सोडला होता. "तिथं तडा असणार. तडा बुजवायला लांबी भरलीय कोणीतरी. खरवडलं तर तेल गळेल." दसरा तोंडावर आलेला, दादाचे रोज फोन, आणि आम्ही दोघं त्या डब्यापुढं चेहरे पाडून बसलेलो. उगाच चाळा म्हणून मी नखानं त्या थराची कड उचकटली. आत लाल होतं.

मला एकदम ऊनच आठवलं, अण्णा. लहानपणच्या दसऱ्याची सकाळ आहे. मी गाडीखाली पालथी सरकतेय, कारण घरात तेवढी बारीक मीच आहे. तुम्ही बाजूला गोणपाटावर आडवे, हातात आरसा, उन्हाचा कवडसा आत पाडताय. माझ्या हातात तेलात कालवलेलं कुंकू. आणि तुम्ही ओरडताय, "तिथं नाय गं, आकड्यावर! पूजा करती का पोळीला तूप लावती? ज्याला पुजायचं त्याचं नाव तरी चाचपून बघ!" मग मी बोटानं ते उंचवटे शोधते आणि त्यावर कुंकू फासते. दर दसऱ्याला. आधीचं कधी कोणी पुसलंच नाही.

"चाचा," मी म्हटलं, "ही लांबी नाही. कुंकू आहे!" चाचांनी बोट लावून पाहिलं. मग आम्ही दोघंही असे हसलो की बाजूचा पंक्चरवाला डोकावून गेला. ब्रश घेऊन मीच घासायला बसले. थरावर थर निघाले, एकात अक्षतेचा अख्खा तांदूळ निघाला, आणि सगळ्यांखाली आकडा, जराही गंज नसलेला. चाचांनी वाचला. "हा तर मोठ्या गाडीचा डबा. घाटासाठीच बसवला असणार तुमच्या वडिलांनी." तेव्हा कळलं, इगतपुरीच्या धुक्यातून भरल्या गाडीनं परत चढून येताना तुम्ही एवढी ऐट का मारायचात. एकदा सांगायचं तरी! त्या आकड्यावरून बेअरिंग आले, नेमके बसले, आणि काल चाचांनी गाडी परत शेडमध्ये आणून लावली.

आज दादाला शेजारी बसवलं. "रिकामी काय, कोणीही चढवेल" असं म्हणायला त्याला जागा नको, म्हणून मागं शेणखत भरून घेतलं. पाटाच्या चढावर दुसरा टाकला. टिकला. वर पोचल्यावर दादानं तिथल्या तिथं फोन लावला. "नाही हो भाऊ, आमची गाडी चालू आहे. चालू गाडी कोणी भंगारात देतं का?" अशा थाटात, जसे काही व्हॉल्व यानंच घासले. मी हँडब्रेक ओढला. माझे डोळे भरले होते, आणि अभिमान एवढा वाटत होता की बोलले असते तर रडलेच असते.

हे केबिनमध्ये बसून लिहितेय. पोस्टात टाकून काय उपयोग, तुमच्या सीटखालच्या पान्यांच्या डब्यात ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. चाचांनी आकडा पांढऱ्या रंगानं उठवून दिलाय आणि दोनदा बजावलंय, "आता त्यावर काही फासायचं नाय." सकाळी सेल्फ मारायच्या आधी मी गाडीखाली गेले होते. आता बारीक राहिले नाही, कंबर धरली, नव्या साडीला ग्रीस लागलं. चाचांना सांगणार नाहीये. कुंकू आकड्यावरच लावलंय, अण्णा. आधी चाचपून.